जाधवकाकूंच्या फोनवरचं लाल बटण

जाधवकाकू मदतीची वाट बघत गेल्या. ती मदत मी बनवली होती आणि ती खोटी होती.

आज वर्ष झालं. हे मी कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहितेय. लाइक नका करू, प्लीज.

मीरा रोडला आमच्याच मजल्यावर काकू एकट्या राहायच्या. मूळच्या खेडच्या. तीस वर्षं हॉस्पिटलात आया होत्या. मुलगा, प्रशांतदादा, नाशिकला नोकरीला. भेटल्या की आधी जयभीम, मग बाकीचं.

त्यांचं स्वयंपाकघर आणि आमचा हॉल, मध्ये एकच भिंत. काही लागलं की काकू लाटण्याने भिंत ठोकायच्या.
दोनदा म्हणजे जमेल तेव्हा ये. तीनदा म्हणजे आत्ताच्या आत्ता.
तीनदा वाजलं की आई हातातलं टाकून धावायची. चक्कर आली तेव्हा, गॅसचा वास आला तेव्हा. एकदा तर पाल दिसली तेव्हा.
"अहो, पालीला तीन?" आई वैतागली होती.
"मग काय चार ठोकू?"
अशी बाई.

मी तेव्हा एका कंपनीत इंटर्न होते. मी आणि किंजल. सरांनी काम दिलं : एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांसाठी ॲपची आयडिया, पाच दिवसांत. डिझाइन स्प्रिंट म्हणतात त्याला. आधी प्रॉब्लेम समजून घ्यायचा, मग कागदावर स्केचेस, मग आवडलेल्या स्केचवर ठिपके चिकटवून मतदान.

सगळ्यात जास्त ठिपके माझ्या स्केचला. एक लाल बटण, बस्स. दाबलं की जवळचा माणूस धावत येणार.
खरं तर मी काकूंची भिंतच चोरली होती. त्यांचं नाव मात्र घेतलं नाही.

गुरुवारी प्रोटोटाइप केला. म्हणजे नुसती चित्रं. बटण दाबलं की पुढचं चित्र येतं. मागे कोणी माणूस नाही, कुणाला फोन जात नाही, काही म्हणजे काही नाही.
किंजल म्हणाली, "रियल लगना चाहिए यार."
मग मी वाक्य लिहिलं :
काळजी करू नका. मदत निघाली आहे. ७ मिनिटे.
सात हा आकडा मी उगाच टाकला.

शुक्रवारी ते पाच जणांना दाखवून बघायचं असतं. पाचवे आजोबा ऐनवेळी आलेच नाहीत. मी म्हटलं, चल, आमच्या काकू आहेत ना.

काकूंना लिंक उघडता येईना, म्हणून त्यांच्या फोनवर समोरच आयकॉन ठेवून दिला.
सुरुवातीला युजरला सांगायचं असतं की हे खरं ॲप नाही, नमुना आहे. कागदावर लिहून दिलेलं होतं. मी ते वाचलं नाही. किंजलने कॅमेरा लावला होता आणि मला खरी रिॲक्शन हवी होती. झाल्यावर सांगू, म्हटलं.

काकूंनी बटण दाबलं. वाक्य मोठ्याने वाचलं. परत वाचलं. डोळ्यांना पदर लावला.
"बाय, म्हणजे आता भिंत ठोकून तुझ्या आईला पळवायला नको."
किंजलने मला कोपराने ढोसलं. असं वाक्य मिळालं म्हणजे आमचं काम झालं होतं.

त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार? म्हटलं, रविवारी जाऊन काढून टाकू. रविवारी मैत्रिणीचा बर्थडे निघाला. सोमवारी जिन्यात काकूच म्हणाल्या, "ते बटण राहू दे हां फोनवर."
"राहू दे, काकू." मी घाईत होते.

बुधवारी वर्क फ्रॉम होम. मी हॉलमध्ये त्याच भिंतीला टेकून प्रेझेंटेशनसाठी काकूंची क्लिप कापत बसले होते. समोर आई भाजी निवडत होती.
भिंतीतून काही आवाज आला नाही.

चार वाजता काकू चहाला आल्या नाहीत म्हणून आई बघायला गेली. तिच्या हाकेवर मी धावले.

दाराची कडी काढून ठेवलेली होती. येणाऱ्याला त्रास नको म्हणून.
काकू खुर्चीत. अंगावर धुतलेली साडी, पायात चपला, मांडीवर रिपोर्टची पिशवी. तीस वर्षं पेशंट हलवले होते त्यांनी. तयारीत बसल्या होत्या.
हातात फोन.
मी स्क्रीनला बोट लावलं. ७ मिनिटे.

डॉक्टर म्हणाले, अटॅक. थोडं आधी आणलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या.
आई रडत एकच विचारत होती, "ठोकलं का नाही हो? मी इथेच होते ना!"

प्रशांतदादा यायच्या आत मी तो आयकॉन काढून टाकला. पाच दिवस जे जमलं नाही ते पाच सेकंदांत झालं.

पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन होतं. काकूंची क्लिप लावली. टाळ्या पडल्या. मी थँक्यू म्हटलं. शी! पण म्हटलं.

परवा आईला सगळं सांगितलं. ती अजून माझ्याशी धड बोलत नाहीये.
मग प्रशांतदादाला फोन केला. आयकॉन काढला, तेही सांगितलं.
तो म्हणाला, "आई आदल्या दिवशी मला म्हणाली होती, आता माझी काळजी करू नको, शेजारच्या पोरीने सोय केलीय माझी."
आणि फोन ठेवला. नंतर माझा फोन उचलला नाही. बरोबरच आहे त्याचं.

काकूंच्या घरात आता नवीन भाडेकरू आलेत. त्यांच्याकडेही एक आजी आहेत. काल आई स्वतः जाऊन सांगून आली, काही लागलं तर भिंत ठोका.

काकू, तुम्हाला श्रद्धांजली लिहायचा मला हक्क नाही. माफी मागून उपयोग नाही.
तीनदा ठोकलं असतं तर मी अर्ध्या मिनिटात आले असते.

जयभीम, काकू.