बायजाच्या बोटांवरचं पाणी

उमेळ्याच्या बायजाला अक्षर वाचता येत नव्हतं. पण समुद्राचं पाणी किती वाजता कुठे असेल हे तिला कुणीही विचारावं आणि तिनं हात उघडून सांगावं. हिशोब तिच्या बापाचा होता. बाप खाडीकाठच्या शेतांच्या बांधावर उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीच्या आत ते पाडलं नाही की खारं पाणी भातात शिरून वर्षाचं पीक आडवं. बापानं पोरीला शिकवलं, तिथी कितवी ते बघ आणि तितकी बोटं मोज. बोटाची पेरं तीन, एक पेर म्हणजे पाव तास. बारा वाजल्यापासून तेवढा वेळ पुढे गेलीस की भरती पुरी. त्यात सहा तास घाल, ओहोटी. हेच मोबाइलवर बघायला आपल्याला आधी रेंज लागते, मग चष्मा लागतो, आणि तरी शेवटी शेजाऱ्याला विचारावं लागतं.

आशालतानं तिला पस्तीस वर्षांपूर्वी हेच पहिल्यांदा करताना पाहिलं. आशालता साताऱ्याकडची. नवऱ्यानं वसईत फ्लॅट घेतला म्हणून आली, मुंबईच्या एका कचेरीत कारकून झाली, आणि समुद्र घरापासून चार मैलांवर असून तो बघायला तीन वर्षांत एकदाही गेली नाही. पाण्याची भीती. विहिरीत डोकावायचं म्हटलं तरी ती दोन पावलं मागे सरायची. बायजा तेव्हा सोसायटीच्या फाटकाशी टोपली घेऊन बसायची, स्वतःच्या वाडीतली केळी, वाल, अळू. आशालता अळूच्या जुडीवरून तिच्याशी हुज्जत घालायची आणि रोज हरायची.

"दर्या नाय पायला? आनि वसईत राहतेस?" बायजा टोपलीवरून उठलीच. "चल गो. आज तेरस हाय. चारला पानी मागे आसंल."

आणि चार वाजता पाणी खरंच मागे होतं. भुईगावच्या सुरूच्या झाडांपासून पार लांब, ओल्या वाळूच्या पल्याड. आशालताला हायसं वाटलं. बायजा तिच्या आणि समुद्राच्या मध्ये चालत होती. ती सवय पुढे कधी मोडली नाही. वाळूवर बायजा नेहमी पाण्याच्या बाजूनं आणि आशालता जमिनीच्या बाजूनं.

दोघींचे नवरे गेले. आशालताचा मुलगा संग्राम पुण्याला नोकरीला गेला. बायजाच्या वाडीच्या जागी इमारत उभी राहिली, घर आणि अंगणापुरती जमीन उरली, तिच्या मुलानं, हरेशनं, वालीवला वर्कशॉप टाकलं आणि त्याची बायको दिपिका शाळेत शिकवू लागली. मग साठी उलटल्यावर दोघींनी फिरायला जायचं ठरवलं, आणि तेही रोज नाही. द्वादशीपासून पुनवेपर्यंत आणि द्वादशीपासून अवसेपर्यंत, म्हणजे संध्याकाळची ओहोटी गाठता येते तेवढे दिवस. बाकीच्या दिवशी आशालता गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालून द्वादशीची वाट बघायची. संग्राम फोनवर चेष्टा करायचा, "आई, तुझा उपास कुठला, समुद्राचा का?" ती म्हणायची, हो, समुद्राचा.

चालणं तरी कसलं! दोन पावलं टाकायची आणि उभं राहायचं. बायजा वाळूतली भोकं दाखवून आत कोण राहतं ते सांगायची. आशालता कचेरीतल्या एका साहेबाची नक्कल करायची, तीच, दहा वर्षं, आणि बायजा दर वेळी पदर तोंडाला लावून हसायची. सुरूखाली सॅन्टनची सरबताची गाडी असायची. तो दोघींना एक लिंबू सरबत दोन ग्लासांत करून द्यायचा आणि न विचारता बायजाच्या ग्लासात मीठ जास्त टाकायचा.

गेल्या वर्षी पितृपक्षात बायजाचा सकाळीच फोन आला. "आशाबाय, आज तेरस. चारला ये." आशालतानं पंचांग बघितलंही नाही. बायजानं सांगितल्यावर पंचांग कोण बघतं? दोघी बसमधून उतरल्या, सुरूच्या रांगेतून बाहेर आल्या, आणि थबकल्या. वाळू नव्हतीच. पाणी झाडांच्या मुळांशी आपटत होतं. पंचमी होती.

बायजा पाण्याकडे बघत राहिली. मग तिनं हात उघडला आणि मोजायला सुरुवात केली. एक बोट, तीन पेरं. दुसरं बोट. तिसऱ्यावर अंगठा थांबला. पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा तिनं मोजलं आणि चारही वेळा मध्येच कुठेतरी तिचा अंगठा हरवला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आशालताला बघवेना. नवरा गेला तेव्हासुद्धा बायजा अशी दिसली नव्हती.

"अगं, माझीच चूक," आशालता म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. "तू सकाळी फोनवर तिथी विचारलीस ना, मी मागच्या महिन्याचं पान बघून सांगितली."

"तरीच!" बायजाचा चेहरा उजळला. "येवढी शिकलेली बाय तू, आनि पान उलटाला नाय येत?" तिनं आशालताच्या पाठीत धपाटा घातला आणि हसत सुटली.

आशालताही हसली. पण बायजानं फोनवर तिथी विचारली नव्हती, कधीच विचारत नसे, आणि न झालेली गोष्ट तिनं झाली म्हणून मानली. त्या संध्याकाळी घरी येऊन आशालता पायातल्या चपला न काढता खुर्चीत बसून रडली.

खरं तर तेव्हाच हरेशला सांगायला हवं होतं. आपण बाहेरून बघणारे हे फार चटकन म्हणतो. तिनं केलं ते असं. बायजाचा हिशोब ती स्वतः शिकली. आरशासमोर उभी राहून बोटं मोजायची, पंचांगाशी ताडून बघायची, चुकली की पुन्हा. मग फिरायच्या दिवशी सकाळी दहाला बायजाला फोन करायची आणि भोळेपणानं विचारायची, "बायजा, आज तीनला ओहोटी ना गं?"

"व्हय! शिकलीस गो बाय तू, मना वाटलं तू मरेपर्यंत नाय शिकनार."

असं उत्तर आधी पुरवून ती प्रश्न विचारायची. बायजा वेळेवर तयार व्हायची, समुद्र वेळेवर मागे असायचा, आणि पाणी कळणारी बाई ती पाणी कळणारी बाईच राहिली. चार महिने हे चाललं. बायजा वाटेत एकच गोष्ट तीनदा सांगू लागली तर आशालता तिन्ही वेळा "मग?" म्हणायची.

दिवाळीनंतर एकदा हरेशनं तिला फाटकाशी गाठलं. "मावशी, आई तुमच्याबरोबर नीट असते ना? दिपिका म्हणते, गॅस चालू ठेवते, मीठ दोनदा घालते. उद्या बाहेर काही झालं तर काय करू? मला एवढं खरं सांगा. काही वाटलं तर मी तिचं फिरणं बंद करीन."

"अरे, वय झालं आपलं सगळ्यांचं," आशालता म्हणाली. "माझ्याबरोबर ठणठणीत असते. पाण्याची वेळ तर अजून तीच सांगते मला."

हे तिनं बायजासाठी केलं असं ती स्वतःला सांगत होती, आणि ते अर्धं खरं होतं. राहिलेलं अर्धं असं की बायजाचं फिरणं बंद म्हणजे आशालताचंही बंद. तुळशीला पाणी घालून झालं की पुढे दिवसाचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. माणूस म्हातारपणी प्रेमानं खोटं बोलतं तेव्हा त्यात स्वतःची सोय किती हे त्याला कुणी विचारत नाही. आशालतालाही कुणी विचारलं नाही.

पौषातली द्वादशी. सकाळी दहाला तिनं नेहमीसारखा फोन केला. "बायजा, आज तीनला ना?"

"तीनला. ये येलेवर."

बाराच्या सुमाराला दार वाजलं. संग्राम, न कळवता, लेकीला घेऊन. अनुष्कानं आजीच्या गळ्यात हात टाकले. आशालतानं पुन्हा फोन लावला. "बायजा, संग्राम आलाय. आज नको, उद्या जाऊ."

"बरं झालं गो. पोराला जेवू घाल बरी. उद्या जाव."

इतकं सरळ बोलली ती. पण सकाळचा निरोप बायजाच्या डोक्यात पक्का बसला होता, चार महिने आशालतानंच तो घोटून बसवला होता, आणि दुपारचा कुठे टिकलाच नाही. हरेश वालीवला, दिपिका तिच्या शाळेत. बायजानं धुतलेलं लुगडं नेसलं, दाराला कडी लावली आणि भुईगावची बस धरली.

पुढचं सगळं सॅन्टननं सांगितलं. तीन वाजता म्हातारी आली, एकटीच. सरबत घे म्हटलं तर म्हणाली, आशा आली की दोघी घेऊ. बराच वेळ झाडाखाली बसली. मग उठून वाळूवर गेली, आणि सॅन्टनला वाटलं, मैत्रीण पुढे गेली असेल. गिऱ्हाइकं होती. सूर्य बुडायला आला तेव्हा त्यानं गाडी आवरायला घेतली आणि सहज समोर बघितलं. पाणी निम्मं वर चढलं होतं आणि त्यात कमरेपर्यंत बायजा उभी होती. हाका मारत होती.

तो तसाच धावला. "आजी, चल बाहेर, पानी भरतंय."

"मना काय सांगतस, मना कलतंय पानी," बायजा त्याच्यावर डाफरली. "माझी बाय आत हाय. तिला पान्यातलं काय कलत नाय. बोलवून घेतलंय मना तिनं. तिला टाकून कशी जाऊ?"

त्यानं दंडाला धरून ओढलं तर ती हिसडा देऊन आणखी आत गेली. तिच्या गळ्यात पिशवीत फोन होता. सॅन्टननं तो काढून शेवटचा नंबर लावला.

आशालता अनुष्काला थालीपीठ वाढत होती. "आशा तुम्हीच ना? इथं तुमची मैत्रीण पान्यात उभी आहे, बोला तिच्याशी," असं कुणीतरी धापा टाकत म्हणालं आणि मागे लाटांचा आवाज आला.

"बायजा! बायजा, मी घरी आहे गं! मी आलेच नाही. मी घरी आहे, तू बाहेर ये!"

मग बायजाचा आवाज, फोनमध्ये नाही, फोन धरणाऱ्याला उद्देशून. "ही कोन बाय हाय? मी वलखत नाय हिला. आशा आत हाय, तुला सांगितला ना."

सॅन्टननं आणि आणखी दोघांनी मिळून तिला उचलून बाहेर आणलं. शेवटपर्यंत ती हातपाय झाडत होती, ओरडत होती की तुम्ही माझ्या बायला बुडवताय.

ताप आला, छाती भरली, बारा दिवस इस्पितळात गेले. ताप उतरला. बायजा मात्र जिथं गेली होती तिथून परत आली नाही. इस्पितळाच्या बाकावर हरेशनं आशालताला विचारलं, "मावशी, तुम्हांला कधीपासून माहीत होतं?"

"पितृपक्षापासून," ती म्हणाली. आता खोटं बोलण्यात काही राम नव्हता.

हरेश फरशीकडे बघत म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, वेळेत औषध सुरू झालं असतं तर थोडे दिवस सांभाळता आलं असतं. थोडेच. पण सांभाळता आलं असतं." तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं उठून तिच्यासाठी चहा आणला.

आता आशालता द्वादशीची वाट बघत नाही. रोज जाते. उमेळ्याच्या त्या घरापुढे अंगण आहे, अंगणाच्या टोकाला जुन्या वाडीतला एकच केळीचा खुंट राहिलाय. दारापासून केळीपर्यंत आणि केळीपासून दारापर्यंत ती बायजाला चालवते. बायजा तिला ओळखत नाही. दिपिकाला वाटतं, तसं नाही, आतून ओळखत असेल. दिपिका चांगली मुलगी आहे. पण वळताना बायजा दर वेळी थांबते, आशालताच्या भोवतीनं फिरून दुसऱ्या बाजूला येते, आणि तिला घराच्या भिंतीकडे ठेवून स्वतः बाहेरच्या बाजूनं चालू लागते. कुणी तिला तसं करायला सांगितलेलं नाही.

परवा केळीपाशी ती थांबली. हात उघडून बोटं चाचपत राहिली.

"माझी एक बाय हाय," ती म्हणाली. "वालूत गेलीय. पानी चढतंय. कोनी सांगाल का तिला?"

आशालतानं हे रोज ऐकलं होतं, आणि रोज "हो, सांगते" म्हणून वेळ मारून नेली होती. त्या दिवशी तिला ते जमलं नाही. "ती आली बाहेर, बायजा. सुखरूप आली. पायसुद्धा भिजला नाही तिचा."

बायजानं तिच्याकडे नीट बघितलं. डोळे भरले तिचे. खूप दिवसांनी कुणीतरी तिच्या मनातलं बोललं होतं.

"आली? खरा सांगतेस?"

"खरं."

"मंग," बायजा म्हणाली, "मना भेटाला का नाय आली गो?"

आशालतानं तिचा हात धरला. मग बायजा तिच्या भोवतीनं फिरून बाहेरच्या बाजूला आली.