सात ते साडेतीनची पाळी

प्रुफं तपासायची नोकरी सोडून मी पूर्णवेळ लेखक झालो आणि महिन्याभरात गिरण्यांचा संप सुरू झाला. मुहूर्त काढावा तर आमच्यासारख्यांनी! डिलाईल रोडवरच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आता दोन पुरुष दिवसभर घरी. एक विणकर बाबा, दुसरा मी. आई सकाळीच दादरला एका घरी पोळ्या लाटायला जायची. ती गेली की आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

"मुक्त लेखक म्हंजे रे काय?" बाबांनी एकदा विचारलं.

"कुणाची नोकरी नाही. काम आलं की करायचं."

"म्हंजे बदली."

बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभा राहायचा. कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. मला भयंकर राग आला. वर्णन तंतोतंत होतं, म्हणून जरा जास्तच आला.

त्यातच एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मोठी कथा मागितली. आयुष्यातली पहिली. विषय, संपकऱ्याचं घर. विषय शोधायला लांब जायला नको होतं, तो समोर बसून बिडी ओढत होता. पण तो समोर असताना एक ओळ लिहवेल तर शपथ! वेळेत आली नाही तर पुन्हा विचारणार नाही, असं संपादकांनी गोड आवाजात बजावलं होतं. ही कथा हातची गेली की मी परत प्रुफांना जुंपला जाणार, हे उघड होतं. शेवटी धीर करून बाबांना म्हटलं, "सकाळची खोली मला एकट्याला मिळाली तर बरं होईल."

मला वाटलं, भडकतील. त्यांनी फक्त पाळी किती ते किती ते विचारलं.

"सात ते साडेतीन," मी म्हणालो. तोंडात आली ती गिरणीच्या पहिल्या पाळीचीच वेळ.

दुसऱ्या दिवसापासून बाबा सातला डबा घेऊन निघू लागले. आधी बंद गेटवर एक चक्कर, मग चालत वरळी कोळीवाड्यात, जाळी विणणाऱ्यांच्या शेजारी. परत यायचे तेव्हा सदऱ्याला सुक्या मासळीचा वास असायचा. आल्या आल्या विचारायचे, "माल किती निघालो?" मी कागद पुढे करायचो. ते वाचायचे नाहीत, पानं मोजायचे.

आता माझी पाळी ऐका. मी चार रंगांत वेळापत्रक केलं होतं. सात ते आठ चिंतन, आठ ते बारा लेखन. यात दोन दिवस गेले. मग बारा पानं झरझर झाली आणि गाडी अडली ती अडलीच. चिंतनात डोळा लागायचा. उठून चहा, चहावर पेपर, पेपरातल्या चुकांवर खुणा. साडेतीनला तीच बारा पानं नीट रचून, तोंडावर थकवा आणून मी बाबांपुढे धरायचो. बाबा मोजायचे, मान हलवायचे.

एका दुपारी बारावं पान उलटं पडलं. मागे कोपऱ्यात पेन्सिलीच्या सहा बारीक रेघा होत्या. कपाळ माझं! साच्यावर, म्हणजे मागावर, पाळी बदलताना विणकर कापडावर खूण करतो, म्हणजे कोणी किती विणलं ते कळतं. माझ्या सहा पाळ्या एकाच जागी संपल्या होत्या. सहा दिवस हा माणूस उन्हात बसून डबा खात होता आणि त्याला सगळं ठाऊक होतं. मला इतकी लाज वाटली की खोलीत एकटा असूनही माझी मान वर होईना.

त्या दिवशी चार पानं झाली. बाबा आले, त्यांनी मोजली, कानावरची पेन्सिल काढून सोळाव्या पानावर रेघ मारली. मला राहवेना. "माहीत होतं तर बाहेर कशाला बसत होतात?"

"तुझो साचो बंद होतो म्हणान मी माझी पाळी चुकवू?"

कथा वेळेत पोचली. दुसऱ्या दिवशी आईने डबा भरलाच नव्हता. बाबांनी तो स्वतः भरला, सातच्या ठोक्याला चपला घातल्या. आता खोली रिकामी करायची गरज नाही, हे मला सांगायचं होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि नाही सांगितलं. लिहायला माझ्याकडे काही नव्हतं, तरी कोरे कागद पुढ्यात ओढून मी बसलो.