बुडखा आणि शेंडा

मी मूळचाच संशयी. त्यात सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली. शेतात जायचं, ऊस मोडायचा, रसाचा थेंब मीटरच्या काचेवर टाकून गोडी मोजायची. ऊस पक्का ठरला की तोड मिळायची. बुडख्याचा रस गोड, शेंड्याचा पाणचट. ज्याची तोड लवकर लावायची त्याचा बुडखा मोजायचा, ज्याला ताटकळत ठेवायचं त्याचा शेंडा. हे पाप मी केलंय, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या तपासणीवर माझा कधी विश्वास बसला नाही.

जळजळीचं निमित्त झालं आणि बायकोनं मला निरवांगीहून बारामतीला नेलं. डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवसांनी म्हणाले, "जठराचा कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा. अस्तरातच आहे. आत्ता काढला तर पोट फाडावं लागणार नाही."

"तुकडा कुठला घेतला?" मी विचारलं.

"जिथं शंका आली तिथला."

म्हणजे बुडखा. मला हसूच आलं. भूक लागते, वजन घटलेलं नाही, आणि म्हणे कॅन्सर. यांना गिऱ्हाईक हवं होतं, अशी माझी खात्री झाली.

मी एकटाच इंदापूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. पहिला रिपोर्ट मुद्दाम दाखवला नाही. त्यांनीही दुर्बीण घातली, तुकडा घेतला. निकाल आला : साधी सूज. मी पेढे घेऊन घरी आलो.

बायकोनं पेढ्याला हात लावला नाही. "त्यास्नी जागा सांगितली व्हती?"

"न्हाय."

"मग तुमी शेंडाच दिलाय. कन्हेरीला माझ्या भावाच्या उसाला लावला व्हता, तसाच."

तिला ते ठाऊक होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी दोन महिने मी हट्टानं तो चांगला रिपोर्ट खिशात घेऊन फिरलो. जळजळ काही थांबेना. शेवटी घाबरलो आणि दोन्ही कागद घेऊन बारामती गाठली. डाग थोडा पसरला होता, पण अजून अस्तरातच होता. पुण्याला दुर्बिणीतूनच तेवढा भाग सोलून काढला.

आता ठरल्या मुदतीनं दुर्बीण होते. टेबलावर आडवा होण्याआधी मीच सांगतो, "वाईट दिसंल तिथलाच तुकडा घ्या." भीती वाटते, पण सांगतो.

बाहेर आलो की बायको विचारते, "जागा दाखवली का?"

मी व्हय म्हणतो. मग ती आत जाऊन डॉक्टरांना विचारून येते.