साठाच्या पुढची थरथर

आमची मोटारसायकल अठ्ठावन्नपर्यंत अत्यंत सज्जन होती.

एकोणसाठला तिला हलकं कापरं भरायचं आणि साठाला हँडल असं हलायचं, की समोरून येणाऱ्याला वाटावं मी त्याला 'नाही, नाही, नाही' म्हणून कळकळीनं सांगतोय!

मी इंदापूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आणि राहतो बारामतीत. जाण्यायेण्याला गाडी हवी होती. माझ्या पत्नीला, सुनंदाला, स्कूटर हवी होती. तिलाही चालवता येईल अशी. मी दोघांच्या मतांचा सखोल विचार केला (म्हणजे माझ्या) आणि एका शनिवारी तिला न विचारता ही मोटारसायकल दारात आणून उभी केली. सुनंदानं गाडीला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. माझ्याकडे मात्र बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही इंदापूरला तिच्या धाकट्या बहिणीकडे, रेखाकडे निघालो. भवानीनगर मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला, मी जरा कान पिळला आणि हँडल थरथरायला लागलं.

"अहो, काय करताय?"

"मी काही करत नाहीये! गाडी करतेय!"

"मग तिला सांगा की नको करू म्हणून!"

वेग कमी केला, थरथर थांबली. मी मागे मान वळवून म्हणालो, "घाबरू नकोस. याला वॉबल म्हणतात."

"नाव कशाला सांगताय? बारसं घालायचंय का तिचं? पुढं बघा!"

सोमवारी मी ज्ञानूचं गॅरेज गाठलं. ज्ञानू आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक. कमी बोलणारा. त्यानं पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवलं आणि म्हणाला, "सर, कोनसेट बदलू." (कोनसेट म्हणजे हँडलच्या मानेतले छर्रे आणि त्यांच्या वाट्या. त्या झिजल्या की मान डळमळते. हे मी ज्ञानूला फळ्यावर आकृती काढावी तसं समजावून सांगितलं. तो गेली वीस वर्षं कोनसेटच बदलतोय.)

कोनसेट बदलला. मी एकटा गाडी घेऊन कॉलेजला गेलो; पासष्टला गाडी पाण्यासारखी! आनंदानं रविवारी सुनंदाला मागे बसवलं आणि लासुर्ण्याच्या अलीकडे हँडल पुन्हा 'नाही, नाही' म्हणायला लागलं.

मग पुढचा टायर बदलला. मग शॉकॲब्सॉर्बरचं तेल बदललं. मग चाक सरळ रेषेत आहे का ते बघायला मी सोसायटीच्या अंगणात गाडीच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून दिवसभर पोटावर पडून राहिलो. समोरच्या काकू दोनदा येऊन विचारून गेल्या, "भाऊजी, चक्कर आली का?" ज्ञानूनं स्वतः गाडी नेली, ऐंशीला दोन्ही हात सोडून बघितले आणि परत येऊन म्हणाला, "सर, गाडीत कायबी न्हाय."

"ज्ञानू, मी एकटा असलो की हलत नाही. ही मागे असली की हलते."

"मग वजनाचं आसंल," ज्ञानू म्हणाला. "तेवढंच वजन बांधून बघू. वहिनींचं वजन किती?"

"सदुसष्ट!" मी खणखणीत आवाजात सांगितलं. (वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय.)

ज्ञानूच्या गॅरेजला लागून पिठाची गिरणी आहे. गिरणीपुढे आमच्या सोसायटीतल्या पाच बायका डबे घेऊन उभ्या होत्या.

पण प्रयोग म्हणजे प्रयोग! गिरणीतूनच पन्नास किलोचं गव्हाचं पोतं आणि वर सतरा किलो ज्वारी घेतली. ज्ञानूनं ते सगळं माझ्या पाठीला चिकटवून दोरीनं आवळून बांधलं. मी भिगवण रस्त्याला लागलो. साठ. पासष्ट. सत्तर! हँडल ढिम्म हललं नाही. मी तसाच विजयी मुद्रेनं घरी आलो.

सुनंदा दारातच उभी होती. गिरणीतली बातमी पोचलेली होती, पण माझं लक्ष शास्त्राकडे होतं.

"सुनंदा, लागला शोध! वजन तेवढंच, रस्ता तसाच, वेग जास्त, तरी गाडी हलली नाही. पोत्याबरोबर नीट चालते. म्हणजे दोष गाडीत नाहीच!"

"मग कशात हाय?" सुनंदानं विचारलं. रागावली की तिच्या तोंडात माहेरचं माळेगाव येतं. तिथंच मी थांबायला हवं होतं.

"तुझ्यात!"

सुनंदानं गाडीवरच्या पोत्याकडे एकदा बघितलं.

"असं व्हय?" ती म्हणाली. "मग पोत्यालाच घिऊन जावा बारशाला."

बारसं पुढच्याच रविवारी होतं. रेखाच्या मुलीला मुलगा झाला होता आणि सुनंदानं त्याच्यासाठी महिनाभर खपून कुंची शिवली होती. लाल खण, जरीचा काठ, कपाळावर मोत्यांची झालर. आता ती म्हणाली, मी एस.टी.नं जाणार. गर्दीत कुंची चुरगळायला नको म्हणून खोका माझ्याकडे आला. माझ्याकडे म्हणजे माझ्या मागे बसणाऱ्याकडे. मागे कोण? तर माझे सासरे, तात्या.

तात्यांचा सगळा जन्म साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेला. वय शहात्तर, कान तल्लख. नातवंडांच्या सायकलीसुद्धा ते आधी ऐकतात, मग बघतात. सुनंदाला एस.टी.त बसवून आम्ही तिच्या थोडं पुढे निघालो. तात्या धोतर सावरून दोन्हीकडे पाय टाकून बसले, एका हातानं माझा खांदा घट्ट धरला, दुसऱ्या हातात खोका.

लासुर्णं आलं. साठ. पासष्ट. काही नाही!

"जावईबापू, कुठं हाय ती थरथर?" तात्यांनी कानात विचारलं.

"तुम्ही बसलात म्हणून नसेल."

"मी काय ताईत हाय व्हय? सुनी कशी बसती ते सांगा."

"एका बाजूला पाय सोडून."

"ते ठीक. धरती कशाला?"

"मागच्या कॅरिअरला."

"तुमाला न्हाय धरत?"

"...नाही. मधे पिशवी असते."

"किवढी पिशवी?"

"मोठी," मी कबूल केलं.

तात्यांनी मान वळवून कॅरिअरकडे बघितलं. मग "आस्सं!" म्हणाले आणि मला काही कळायच्या आत सर्रकन मागे सरकून थेट कॅरिअरवर जाऊन बसले!

हँडलला साडेतीन देवींचा संचार झाला. माझे हात, खांदे, चष्मा, गाल, सगळं स्वतंत्रपणे हलायला लागलं. मी हँडल जिवाच्या आकांतानं आवळलं, त्यानं ते आणखी हललं. कसाबसा वेग पंधरावर आणला, पण तोवर डांबर संपलं होतं. गाडी साइडपट्टीवरून उतरली, बांधावरून घसरली आणि नुकतंच पाणी सोडलेल्या उसात आम्हाला अलगद निजवून आपण आडवी झाली.

डोळ्यांतला चिखल पुसून मी बघितलं. तात्या सरीत छातीपर्यंत चिखलात बसले होते. खोका दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला. यमुनेतला वसुदेवच!

"तात्या! लागलं का?"

"सापडलं!" तात्या ओरडले. "जावईबापू, सापडलं! मागलं माणूस मागं सरकलं की पुढलं चाक हलकं पडतंय! चाकाला भुईच घावत न्हाय, मग ते काय करंल? हलंल न्हायतर काय!"

गुरुत्वमध्य. अकरावीच्या पुस्तकातला धडा. मी तो दर वर्षी शिकवतो.

एवढ्यात वर रस्त्यावर ब्रेकचा आवाज आला. एस.टी. थांबली होती. सगळ्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या आणि तिसऱ्या खिडकीत सुनंदा होती. चेहरा पांढराफटक.

"तात्या! अहो! कुणाला लागलं का?"

"न्हाय गं! कुंची कोरडी हाय!" तात्यांनी खोका उंच केला आणि पुऱ्या एस.टी.ला ऐकू जाईल असं म्हणाले, "सुनी, गाडी तुझ्यामुळंच हलती गं! नवऱ्याला धरून बसत जा!"

एस.टी. अर्धं मिनिट हसली. कंडक्टरनं घंटी मारली तीसुद्धा मला हसल्यासारखी वाटली.

आम्ही इंदापूरला पोचलो तेव्हा आमची कीर्ती पुढे गेलेली होती. रेखाच्या दारात चाळीस माणसं आमची वाट बघत होती. बाळाची कुणालाच आठवण नव्हती. मला रेखाच्या नवऱ्याचा सदरा-पायजमा मिळाला (तो माझ्याहून वीतभर बुटका आहे). पाळण्याशेजारी बसून तात्यांनी सगळ्यांना शोधाची कहाणी सांगितली. रेखा म्हणाली, "ताई, तू एवढी लांब बसतेस तरी कशाला गं?"

सुनंदानं पाळण्याची दोरी सोडली.

"गाडी घेताना मला विचारलं होतं का कुणी? ज्याची गाडी त्यानं बसावं ऐसपैस. आमी आपलं कडंला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाळसुद्धा. कोनसेट, टायर, तेल, सुतळी, गहू, ज्वारी. एवढं सगळं तपासलं होतं मी, आणि हे एक विचारायचं राहिलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. आखूड पायजम्यात हे म्हणणं तुलनेनं सोपं जातं.

तिनं पाळण्याची दोरी पुन्हा हातात घेतली. तात्या दोन दिवस रेखाकडे राहणार होते; संध्याकाळी निघताना सुनंदानं ती मोठी पिशवीही तिथंच ठेवली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पुढच्या वेळी नेऊ." आणि माझ्या मागे जवळ सरकून बसली.

उन्हं उतरली होती. उसावरून गार वारा येत होता. पन्नास. साठ. पासष्ट! गाडी अशी चालली होती, की हँडलवर भरलेला पेला ठेवावा.

"हलत नाही ना?" तिनं विचारलं.

"अजिबात नाही! पण नीट धर हं. खांदा नको, कमरेला धर. दोन्ही हातांनी."

तिनं डावीकडून एक हात घातला, उजवीकडून दुसरा. मग जरा पुढे सरकली. मग पुन्हा प्रयत्न केला.

"अहो," ती कानाशी म्हणाली, "हात पुरत न्हाईत!"

मी पोट जेवढं जाईल तेवढं आत ओढलं आणि बारामती येईपर्यंत श्वास सोडला नाही.