वालजी मिस्त्रीचा उपाय

खाराघोड्यात पाण्याच्या टाकीमागे वालजी मिस्त्रीचं गॅरेज आहे. पत्र्याची एक शेड, पुढे तेलाने काळी पडलेली जमीन. रणातून, म्हणजे गावापलीकडच्या खाऱ्या वाळवंटातून, मीठ आणणारे ट्रक आणि रणात पाणी नेणारे टँकर त्याने चाळीस वर्षं दुरुस्त केले. आधी इंजिनाला कान लावायचा, मग तळवा टेकवायचा, आणि पाना सगळ्यांत शेवटी उचलायचा. त्याचं निदान कधी चुकलं नाही असं गाव म्हणे. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

वैशाखातल्या एका सकाळी कासम टँकर घेऊन दारात आला. हा मियाणा जमातीचा गडी बावीस वर्षं रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांना पाणी पोचवत होता.

"काका, ही गाडी माझा जीव घेणार."

"गाडी कुणाचा जीव घेत नाही. झालं काय ते सांग."

कासमने मान खाली घातली. "धनाभाईंचा घेतलाच ना."

रणाच्या पार टोकाला धनाभाई आणि रूडीबेन या म्हाताऱ्या जोडप्याचं मिठागर होतं. वीस दिवसांपूर्वी वाटेतल्या एका मिठागरावर पाणी देऊन झाल्यावर टँकर भर उन्हात पाच तास चालूच झाला नाही. पाणी पोचलं तेव्हा दिवस कलला होता आणि धनाभाई झोपडीत निपचित पडले होते. ते उठलेच नाहीत. वय झालं होतं, म्हणून कुणी कुणाला बोल लावला नाही. पण कासमला घास जात नव्हता.

"सकाळी गार असताना एका चावीत चालू होते," कासम म्हणाला. "तापल्यावर मात्र तिची मर्जी. कधी चालू होते, कधी नुसती टक करून गप्प. बॅटरी नवी टाकली, स्टार्टर बदलला. चार दिवस बरे गेले, की पुन्हा तेच."

वालजीने इंजिन तासभर चालवून चांगलं तापवलं. बंद केलं, चावी फिरवली. चालू झालं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. सात वेळा.

"बघा!" कासम चिडला. "तुमच्यापुढे कशी गरीब गाय. अगदी आमच्या घरातलीसारखी. माहेरची माणसं आली की तोंडातून शब्द नाही, आणि त्यांची पाठ वळली की..."

"तुझ्या घरातलीचं औषध माझ्याकडे नाही," वालजी म्हणाला. "हिला हिच्या सासरी, रणातच बघायला पाहिजे. चल, मी येतो."

अडुसष्ट वर्षांचा माणूस पान्यांची पिशवी, एक बल्ब आणि जाड तांब्याची केबल घेऊन केबिनमध्ये चढून बसला.

रणात वाट नसते, चाकांच्या खुणा असतात. पहिल्या मिठागरावर पाणी दिलं, गाडी चालू झाली. दुसऱ्यावरही झाली. तिसऱ्यावर कासमने चावी फिरवली आणि टक झालं. बस, तेवढंच.

"आलं का हिच्या अंगात!" कासम उडी मारून उतरला. त्याने बॉनेट उघडलं आणि तो मिठागराच्या विहिरीकडे पळाला.

वालजीने घाई केली नाही. बॅटरीला बल्ब लावला, लख्ख पेटला. वीज होती, पण ती स्टार्टरपर्यंत जात नव्हती. मग त्याने जाड केबलचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर दाबून धरलं.

"फिरव चावी!" तो ओरडला.

परतलेल्या कासमने चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला धडधडलं.

म्हणजे दोष अर्थिंगचा, वीज बॅटरीकडे परत जायच्या वाटेचा. वालजीने इंजिन बंद करायला लावलं आणि खाली वाकून इंजिनाला चासीशी, गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारी तांब्याची पट्टी बोटाने चाचपली. बोट पोळलं. बोल्ट सोडवला तर आत पांढरी भुकटी, हिरवा गंज, आणि विणलेल्या पट्टीचे जेमतेम सहा-सात तारा शाबूत. गार असताना त्यांनी कसंबसं भागत होतं. तापल्यावर तेवढ्यातून स्टार्टरचा जोर जाईना.

आणि मग टप्पकन एक थेंब त्याच्या मनगटावर पडला.

वालजीने वर पाहिलं. डिझेलच्या पंपावर ओलं गोणपाट होतं. कासमने आत्ताच विहिरीवर भिजवून आणून टाकलेलं. त्याचं पाणी ओघळून नेमकं त्या पट्टीवर येत होतं. वालजीने मनगट जिभेला लावलं. कडूजहर मीठ.

"हे गोणपाट तू कधीपासून टाकतोस?"

"तुम्हीच तर सांगितलंत! सहा वर्षं झाली. पंप झिजलाय, तापला की ओलं गोणपाट टाक, म्हणालात."

"पंप तर मी पुढच्याच वर्षी नवा केला."

"टाकू नको असं कुठे म्हणालात? आणि तो एक दिवस सोडला, तर टाकलं की थोड्या वेळाने होतेच की चालू."

होतच असणार. तेवढ्या वेळात पट्टी गार व्हायची.

"पण विहिरीचं पाणी, कासम? मिठाच्या विहिरीचं?"

कासमने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या परक्याकडे बघावं. "मग काय टँकरमधलं गोडं पाणी लोखंडावर ओतू? काका, इथे पोरं वाटीने मोजून पितात."

सांगताना वालजीच्या डोळ्यांपुढे गॅरेजचा नळ होता. या माणसाच्या हाताशी कुठलं पाणी असतं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

पट्टीच्या जागी त्याने ती जाड केबल कापून बसवली. बोल्ट घासून लख्ख केले, वर ग्रीस थापलं. हात पुसत म्हणाला, "आता रूडीबेनकडे चल."

कासमला उमगलं. "काका, कशाला? कुणाला काही ठाऊक नाही. म्हाताऱ्या बाईच्या डोक्याला आणखी ताप. माझ्यापुरतं राहू द्या."

"तुझ्यापुरतं होतं म्हणूनच तुला घास जात नाही. चल."

रूडीबेन झोपडीच्या सावलीत बसली होती. धनाभाईंचे दिवस झाले आणि ती गावाहून परत मिठागरावर आली. पिकलेलं मीठ ओढून गोळा करायचं राहिलं होतं. कासम टाकीत नळी सोडू लागला. वालजी तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. पंप, गोणपाट, पट्टी. काही झाकलं नाही, माफीही मागितली नाही.

"उपाय माझा होता, बेन. कासमचा काही दोष नाही. गाडी माझ्यामुळे अडली."

रूडीबेन मिठाकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी माठात तळाला वाटीभर होतं. त्यांनी मला पाजलं. म्हणाले, मी मघाशीच प्यालो."

तिने पुढ्यातला मिठाचा खडा उचलून बाजूला ठेवला.

"मला ठाऊक होतं ते प्याले नव्हते. तरी प्याले मी. मुलांनासुद्धा सांगितलं नाही हे."

वालजीने मान हलवली. त्याला उठून जाववत नव्हतं. टाकी भरली. कासमने दुरून विचारलं, "येता का काका?" वालजीने हातानेच नाही म्हटलं. टँकर राहिलेल्या मिठागरांकडे निघून गेला, आणि मिस्त्री तिथेच, तिच्यासमोर बसून राहिला.