यांत्रिक कासवाचा सत्कार

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझ्या मित्राने यांत्रिक कासव बनवलं. ते जमिनीवरून चालत हौदात उतरलं आणि पोहून पलीकडे गेलं, तरच आम्ही पास होणार होतो. पण बडोद्यात पूजेशिवाय यंत्र सुरू होत नाही. परीक्षेच्या दिवशी पूजेला बोलावलेल्या प्रमुख पाहुण्यांनी लांबलचक भाषण करून कासवाला झेंडूचा जाड हार घातला. तो काढणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान, म्हणून कोणी हात लावेना. कासव ऐटीत पाण्यात उतरलं, हार पायांत अडकला आणि ते जागच्या जागी गोल फिरू लागलं.

"काय रे, प्रदक्षिणा घालतंय का?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, हार काढू?"

"काढ की! परीक्षा कासवाची आहे."

हार काढताच कासव सरळ पलीकडे पोहोचलं. आम्ही पास झालो.

"बघितलंत, पूजा फळली!" पाहुणे म्हणाले.