पिराजीचा पुरातला सोमवार

पिराजी आमच्या कॉलेजच्या शेतावर ऊस मापतो. अकरा वर्षं झाली, अजून हंगामीच. दर सोमवारी टेप घेऊन सरीत शिरायचं, खुणेच्या साठ उसांची उंची मापायची, वहीत लिहायची. एखादा ऊस चुकवला तर कोण बघतंय? पण न्हाय! 'आज ताप हाय, बायकोनं टेप धरली,' हेसुद्धा वहीत लिहिणार. बावळटच म्हणा की.

यंदा त्याला कायम करायचं घाटत होतं. सही हवी होती डॉ. उदयसिंह सरांची. सर म्हणजे बडी असामी! पिराजीच्या मापांवरचा त्यांचा शोधनिबंध परदेशात छापून आला, तेव्हा कॉलेजनं फटाके उडवले. सरांना शेतात कुणी कधी बघितलं नव्हतं, ते सोडा.

मग बंगळुरूच्या कुणा बाईचं पत्र आलं. तुमच्याच वेबसाईटवरच्या फोटोत पुराच्या सोमवारी त्या शेतात होडी दिसते, तर निबंधात त्याच सोमवारी ऊस चार सेंटिमीटर वाढल्याचं मापलं कुणी?

चौकशीला समिती बसली. सरांनी पिराजीला ऑफिसात, माझ्या टायपिंगच्या टेबलासमोरच कोरी वही दिली.

"आकडे मी देतो, तू फक्त लिही. पेन बदलत जा, जुनी वाटली पाहिजे."

"सर, पाणी हुतं की!"

"कायम व्हायचंय न्हवं?"

दोन दिवसांनी त्यानं वही कोरीच आणली. "ताई, ऊस दिसतच नव्हता, तर उंची कुठली लिवू?" म्हणाला, आणि जुनी वही समितीपुढं ठेवली. त्या सोमवारी लिहिलं होतं, 'पाणी. ऊस दिसत न्हाय. मापलं न्हाय.' मला वाटलं, सुटला गडी!

समितीनं तीन दिवस विचार केला. सरांची ती नजरचूक ठरली. संशोधनात सचोटी राहावी म्हणून नवा कक्ष निघाला, प्रमुख उदयसिंह सरच. आणि पिराजीला पत्र गेलं, 'पूरकाळात मोजमाप न घेतल्याने नोंदीत खंड पडला. सबब कायम करण्याचा प्रस्ताव रद्द.' ते पत्र टाईप केलं मीच. जीव जळत होता, पण बोटं चालूच होती. मी कायम आहे ना!

पिराजीनं माझ्यासमोर उभं राहून बोट ठेवत ठेवत ते वाचलं. मला वाटलं, आता पत्र भिरकावणार, चार शिव्या हासडणार. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"खरंच हाय की ताई," तो म्हणाला. "न्हवतंच मापलं."

आणि पोच म्हणून सही करून गेला.